पताकेतला हिरवा

फोटोत हिरवा होता.

मी मोबाइल उन्हातून सावलीत नेला. चष्मा पदराने पुसला. दोन बोटांनी फोटो ताणून मोठा केला. निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा. मग पुन्हा निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा. डोंगरातली एक खिंड, मागं धुकं, झाडापासून झाडापर्यंत बांधलेल्या दोऱ्या आणि त्यांवर शेकडो कापडी पताका. खाली प्रज्ञाने लिहिलं होतं, ‘आई, ही आजोबांची खिंड. फोटो कालचा, काल रेंज नव्हती. डिट्टो!’

प्रज्ञा माझी मुलगी. पुण्यात नोकरी करते आणि या मे महिन्यात एका मैत्रिणीबरोबर भूतान बघायला गेली आहे. मी सोलापुरात, अण्णांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या घरावरच्या गच्चीत कुरडया उलटवायला चढले होते. परात कठड्यावर ठेवली ती तशीच राहिली. भिंतीला टेकले, तर पाठीला काहीतरी टोचलं. वळून पाहिलं तर तोच खिळा. गंजून तांबडा झालेला, पण जागच्या जागी. याच खिळ्याला अण्णा दोरी बांधायचे आणि याच दोरीवरचे हिरवे तुकडे मी एका दुपारी कात्रीने कापून खाली पाडले होते.

माझं वय तेव्हा चौदा होतं. आज पन्नाशी उलटून गेली. मधली सगळी वर्षं मी एक गोष्ट पक्की धरून चालले होते, की माझे वडील प्रेमळ होते, कष्टाळू होते आणि थापाडे होते.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. निघायच्या आधी प्रज्ञा आजोबांना भेटायला आली आणि आल्या आल्या म्हणाली, ‘‘आजोबा, भूतानला चाललेय. सांगा, काय काय करू?’’ मी स्वयंपाकघरातून डोळे वटारले, पण तोवर उशीर झाला होता. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यापासून दिवसभर भिंतीला टेकून असणारे अण्णा खाटेवर ताठ बसले होते.

‘‘ल्ही,’’ म्हणाले. ‘‘दोन नद्या मिळत्यात तितं तीन स्तूप हायेत, तिनी तीन तऱ्हेचे. तितनं आपला मुलूक सुरू. पयल्या दिवशी कायबी करायचं न्हाय. नुसतं बसायचं. तितं दम लागतो. घाई केलीस तर डोकं दुकंल. दुसऱ्या दिवशी झुलता पूल. मदी थांबून फोटू काडत बसू नगं, मागच्या बाईच्या पाटीवर वजं आसतंय.’’

प्रज्ञा फोनवर टाइप करत होती. तिसऱ्या दिवशी मिरचीची भाजी. चौथ्या दिवशी तिरंदाजी बघायची. पाचव्या दिवशी तापल्या दगडांचं आंघोळीचं पाणी. सहाव्या दिवशी खिंडीत पताका.

‘‘आणि कड्यावरचा तो मठ? सगळे तर त्याच्यासाठीच जातात,’’ प्रज्ञा म्हणाली.

‘‘त्यो म्या बगितला न्हाय. माजं काम तितं नव्हतं.’’ मग म्हणाले, ‘‘पुलापसनं वर चालत गेलीस की आक्रोडाचं झाड लागतंय. त्येच्याकाली पान्याची घंटा हाय का बगून ये. येवडं माजं काम कर.’’

‘‘करते. आणि सातवा दिवस?’’

‘‘सातवा तुज्या आईला म्हाईत हाय.’’

मी भाकरी जोरात थापली. ऐकू आलं नाही असं दाखवलं. नंतर प्रज्ञा आत आली तेव्हा आवाज खाली करून तिला सांगितलं, ‘‘लिहून घेतलंस ना, झालं. पण त्याच्यावर विसंबून गाडी ठरवू नको. आजोबा तिथं कधी गेलेलेच नाहीत.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे नाहीत. आता तू मोठी झालीस, सांगायला हरकत नाही.’’

इतक्या सहज म्हणाले मी. तव्यावरची भाकरी उलटवता उलटवता.

ही गच्ची मला तेव्हा केवढी मोठी वाटायची. खाली दोन-दोन खोल्यांची आमची बिऱ्हाडं, समोर यंत्रमागाचा कारखाना. दिवसभर खटक् खटक् चालू. पाहुणे आले की ओरडून बोलायचे आणि आम्ही हळू बोललो तरी एकमेकांना ऐकू यायचं. हवेत सुताची लव उडायची, ती उन्हाच्या तिरिपेत दिसायची. खळीचा आंबूस वास भिंतींना असा चिकटलेला, की दुसऱ्या गावी गेल्यावर कळायचं आपल्या कपड्यांनाही तो आहे. आई घरी बसून कारखान्यातल्या टॉवेलांच्या कडा शिवायची. तिच्या मशीनखाली रंगीत कापडाच्या कातरणींचा ढीग असायचा आणि ढिगात आमची मांजर.

अण्णा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे. गावातलं सगळ्यात संथ वाहन. शाळेतून येताना कधी ते दिसले तर मी रोलरच्या बाजूने चालत चालत गप्पा मारायची, आणि चालता चालता मीच पुढं निघून जायची. तेच वीस-पंचवीस पावलांचं अंतर ते दिवसभर पुढं-मागं, पुढं-मागं करायचे. डांबराचा वास त्यांच्या अंगाला असायचा, साबणाने न जाणारा. मी दीड वर्षाची असताना ते एका ठेकेदाराबरोबर रस्ता बांधायला भूतानात गेले आणि दोन वर्षांनी परत आले, असं ते सांगायचे. ‘असं ते सांगायचे’ हे तीन शब्द आमच्या नातेवाइकांत या वाक्याला नेहमी जोडूनच यायचे.

परत येताना सामान काही आणलं नव्हतं. एक सवय मात्र आणली होती. कुणी चहा पुढं केला की अण्णा उजव्या हाताचा तळवा तोंडावर धरायचे आणि ‘‘मेशु मेशु’’ म्हणायचे. म्हणजे नको नको. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. तिसऱ्यांदा विचारलं की हात खाली यायचा आणि कप घ्यायचे. ‘‘तितली रीत हाय,’’ म्हणायचे. ‘‘दोनदा नगं म्हनायचं. तिसऱ्यांदा न्हाय म्हनलं तर त्येंचा अपमान.’’ आमच्या गल्लीत दोनदा विचारायचीच मारामार. त्यामुळं अण्णा कितीतरी घरांतून चहा न पिता परत यायचे.

मे महिना लागला की गल्लीतली मुलं मामाच्या गावी पांगायची. कुणी मोडनिंबला, कुणी माळशिरसला. ज्यांच्या आईचं माहेराशी पटत नव्हतं किंवा एसटीच्या भाड्याची पंचाईत होती, अशी आम्ही पाच-सहाजण मागं उरायचो. तोंडं पाडून ओट्यावर बसलेली. एका वर्षी अण्णा कामावरून आले, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘‘चला, भूतानला जाऊ.’’

तेव्हापासून दर मे महिन्यात सात दिवस भूतान.

पहिल्या दिवशी काहीच करायचं नाही, हा नियम आम्हाला मोठा अन्याय वाटायचा. गच्चीत पोती टाकून बसायचं आणि डोंगर बघायचे. समोर डोंगर कसले, बंद पडलेल्या गिरणीची चिमणी आणि पाण्याची टाकी. अण्णा म्हणायचे, डोंगर हायेत असं समजा, दम लागू द्या. आम्ही खरंच धापा टाकायचो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने हिप्परग्याच्या तलावाकडं. तिथल्या एका कोरड्या ओढ्यावर त्यांनी दोन जाड दोर बांधलेले असायचे, एक पायाखाली, एक हाताला. खाली फार खोल, फार थंड नदी आहे असं समजून आम्ही पलीकडं जायचो. पडलं तर ढोपर फुटायचं, एवढंच. पाठीवर ओझं हवं म्हणून प्रत्येकाच्या पाठीला दुपट्यात गुंडाळलेली वीट. तलावावरून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या मातीचा आणि शेवाळाचा वास असायचा. अजूनही कुठं शेवाळ हुंगलं तर माझ्या पाठीला वीट जाणवते.

तिसऱ्या दिवशी जेवण. लांब मिरच्या उभ्या चिरायच्या आणि फाटलेल्या दुधात शिजवायच्या. तिकडं चीज घालतात, पण चीज आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं. मिरची मसाल्याला नाही, मिरचीचीच भाजी, हे ऐकून शेजारची काकू म्हणाली, ‘‘मंग त्यो देश आपल्यातलाच की!’’ नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही भाकरीबरोबर ती भाजी खायचो.

चौथ्या दिवशी तिरंदाजी. बांबूचं धनुष्य आणि लांबवर उभी केलेली वीतभर फळी. नेम लागला की आपल्या बाजूच्या सगळ्यांनी ओळीने उभं राहून एक पाय उचलत गाणं म्हणायचं. आणि नेम धरणाऱ्याला बेजार करायला विरुद्ध बाजूची पोरं फळीजवळ उभी राहून ओरडायची, ‘‘आरं, तुजा बाण माळशिरसला गेला की!’’ अण्णांच्या मते खेळातला निम्मा भाग हा चिडवण्याचा होता आणि त्यात आम्ही त्या देशाला नक्की हरवलं असतं.

पाचव्या दिवशी आई भडकायची. नदीतले गोटे चुलीत लाल करून ते पाण्याच्या पिंपात सोडायचे. चर्रर्र आवाज, वाफेचा लोट, आणि त्यात अण्णा दवण्याच्या काड्या टाकायचे. तिकडंही याच जातीचं झुडूप घालतात म्हणायचे. दवण्याचा तो गरम, कडवट वास कारखान्याच्या खळीवर मात करायचा. ‘‘प्यायला पानी न्हाय आन् तुमास्नी दगडं उकडायचीत!’’ आई ओरडायची. तिचं बरोबर होतं. नळाला पाणी दर चौथ्या दिवशी यायचं, तेही किती वाजता येईल त्याचा नेम नसायचा.

त्या पाण्याचीच तर घंटा होती. सायकलचं जुनं चाक आडवं बसवून, त्याला डब्याच्या पत्र्याची पाती लावून अण्णांनी ते गल्लीच्या नळाखाली ठेवलं होतं. वर एक डबा, डब्यावर एक दांडी आणि दांडीच्या वाटेत लहानशी पितळी घंटा. पाण्याने चाक फिरलं की प्रत्येक फेऱ्याला एकदा टिंग व्हायचं. टिंग, मग बराच वेळ काही नाही, मग टिंग. ‘‘तितं वड्यावर आशी घरं आसत्यात, लहान, पांढरी,’’ ते सांगायचे. ‘‘मानूस झोपला तरी पानी प्रार्थना म्हनत आसतंय.’’ आमच्या गल्लीला प्रार्थनेचं काही नव्हतं. घंटा वाजली की नळ आला, एवढं कळायचं. बायका हंडे घेऊन धावायच्या.

सहाव्या दिवशी गच्चीची खिंड व्हायची. आईच्या मशीनखालच्या कातरणींतून वीतवीतभर पताका शिवून, त्या दोरीला ओवून, या खिळ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बांधायच्या. मे महिन्याच्या दुपारच्या वाऱ्यात त्यांचा फडफडाट असा चालायचा, की काही वेळ मागांचा आवाज ऐकू यायचा नाही.

आणि सातव्या दिवशी गल्लीतल्या कुणाच्या तरी घरी, न सांगता. अण्णा पुढं, आम्ही मागं. सरबत पुढं आलं की सगळ्यांचे हात तोंडावर. मेशु मेशु. मेशु मेशु. तिसऱ्यांदा घ्यायचं. ‘‘सातवा दिवस सगळ्यात मोटा,’’ अण्णा म्हणायचे. ‘‘बाकीचं बगायचं आसतंय. ह्ये घ्यायचं आसतंय.’’

त्या वर्षी सातवा दिवस झाला नाही.

पताका बांधल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी बुद्धपौर्णिमा होती. विहारात पंचशील ध्वजावर भाषण करायला माझी निवड झाली होती. आठ दिवस मी पाठ करत होते. निळा मैत्रीचा, पिवळा मध्यम मार्गाचा, असं एकेका रंगाचा अर्थ सांगणारं. भाषण बसवून घेणारे मास्तर आमच्या गल्लीतले सगळ्यात वाचलेले गृहस्थ. विहारातली पुस्तकं तेच सांभाळायचे. त्यांच्या पुढ्यात मोठी माणसंही सरळ बसायची. ते दोरी मागायला गच्चीत आले आणि पताका बघून थांबले.

‘‘यात हिरवा कुठून आला?’’

अण्णा स्टुलावर उभे होते. ‘‘हिरवा आसतोय की, मास्तर.’’

‘‘पंचशील ध्वजात हिरवा नसतो. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी.’’

‘‘ह्यो त्यो ध्वज न्हाय. ही तितली पताका हाय. तितं हिरवाच आसतोय.’’

मास्तर हसले. वाईट हसू नव्हतं ते. चुकलेल्या विद्यार्थ्याला हसतात तसं. ‘‘बौद्ध देश आहे ना तो? मग बौद्ध देशाला आपल्या धम्माचे रंग माहीत नसतील का?’’

माळशिरसहून मामा आला होता, तो कठड्यावर बसून शेंगा खात होता. तो म्हणाला, ‘‘मास्तर, कुटला भूतान आन् कुटलं काय! दाजी दोन वर्सं पुन्यात हुते. हाटेलात कपबशा धूत. आमच्या गाववाल्यानं बगितलंय.’’

सगळ्यांना घडाघडा सगळं सांगणारे अण्णा तेव्हा काहीच बोलले नाहीत. पोरं माझ्याकडं बघायला लागली. मास्तरही बघत होते. उद्या विहारात सगळ्यांसमोर पाच रंग सांगणारी मी, आणि माझ्याच गच्चीत माझ्याच बापाचा चुकलेला रंग फडफडत होता. मी खाली गेले, आईची कात्री आणली आणि हिरवा दिसला की कच्, हिरवा दिसला की कच्, अशी दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. कुणी अडवलं नाही.

‘‘खोटं आहे हे,’’ मी म्हणाले. ‘‘सगळंच खोटं आहे. तुम्ही कधी गेलाच नव्हता.’’

अण्णांनी तोंडावर तळवा धरला. चहा नको म्हणताना धरायचे तसाच. मग स्टुलावरून उतरले, वाकून एकेक हिरवा तुकडा उचलला आणि शर्टाच्या खिशात घातला. मी कात्री जागेवर ठेवायला गेले तेव्हा आई मशीनवरून मान न उचलता एवढंच म्हणाली, ‘‘हिरवा म्या शिवला हुता.’’

माझं भाषण छान झालं. पहिला नंबर आला.

पुढच्या उन्हाळ्यात मी मामाच्या गावी गेले. उसाचा रस प्यायले, कालव्यात पोहायला शिकले. परत आले तर नळाखालचं चाक नव्हतं. अण्णांनी काढून ठेवलं म्हणे. बायका कितीदा म्हणाल्या, पाणी आलेलं कळत नाही, परत लावा की. नाही लावलं. मामा, मास्तर, आई, सगळी एकेक करून गेली. कारखाना गेला, तिथं आता मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत बॅण्ड वाजतो, पण माझ्या कानाला अजून मधेच माग बंद पडल्यासारखी शांतता लागते.

आणि मी काय झाले? मी शाळेत भूगोल शिकवते. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. सव्वीस वर्षं नकाशावर बोट ठेवून मुलांना भूतान दाखवला, राजधानी पाठ करून घेतली, आणि एकदाही, अगदी एकदाही पुस्तक उघडून त्या देशात कसल्या पताका असतात हे बघितलं नाही. पुस्तक राहू दे. सोलापुरातल्या निम्म्या बुलेटच्या हॅण्डलला त्या पताका बांधलेल्या असतात! सिग्नलला माझ्या स्कूटीशेजारी त्या कितीदा फडफडल्या असतील. शाळेच्या फाटकात, दवाखान्यासमोर, भाजी मंडईत. निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा. मी बघत होते आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही हललं नाही. डोळे अण्णांचे गेले, आंधळी मी निघाले.

या आठवड्यात प्रज्ञाचे निरोप येत होते तेव्हाही मी हेच केलं. पहिल्या दिवशी तिने लिहिलं, संगमावर तीन स्तूप आहेत, तिन्ही वेगळे. मी मनात म्हटलं, रेडिओवर ऐकलं असेल अण्णांनी. दुसऱ्या दिवशी पूल. म्हटलं, डोंगराळ देशात पूल असणारच. मिरचीची भाजी, तिरंदाजी, तापलेले गोटे. प्रत्येकाला माझ्याकडं उत्तर होतं. बरोबर काम केलेला कुणी मजूर भेटला असेल, त्याने सांगितलं असेल. परवा तिने लिहिलं, ‘ड्रायव्हर म्हणतो, आजोबा सांगतात तो सगळा टापू गाडीने पंधरा मिनिटांचा आहे.’ तेव्हा कुठं मला पहिल्यांदा शंका आली. कारण थापा मारणारा माणूस देशभर फिरवतो. मठ, राजवाडे, सगळं बघितलं म्हणतो. पंधरा मिनिटांच्या रस्त्यात दोन वर्षं राहतो तो फक्त रोलरवाला.

आणि आज हिरवा.

मोबाइल हातातच पुन्हा वाजला. या वेळी फोटो नव्हता, व्हिडिओ होता. सुरू केला तर आधी प्रज्ञाच्या धापा. मग एक मोठं झाड, पायाखाली फुटक्या अक्रोडांची टरफलं आणि झाडाखाली ओढ्यावर चुना लावलेलं लहानसं घर, माणूस वाकून आत जाईल एवढंच. आत काहीतरी फिरत होतं. टिंग. मग बराच वेळ नुसतं पाणी. टिंग.

खाली तिने लिहिलं होतं, ‘ड्रायव्हर म्हणाला असं काही नाही इथं. मी एकटी चालत गेले. आहे. आई, तू म्हणाली होतीस ते खोटं आहे.’

मी कठड्याला घट्ट धरलं. उन्हाने तापलेला होता, तरी हात काढला नाही. चाळीस वर्षांची माझी खात्री एका घंटेने गेली आणि तिच्या जागी मोठं भगदाड पडलं, त्यात काय घालायचं मला कळेना. रडू येईल म्हटलं, तर तेही येईना. खाली खाटेवर एक आंधळा म्हातारा बसला आहे, इतकी वर्षं खरं बोललेला, आणि जिन्याच्या अठरा पायऱ्या उतरून मला त्याच्यासमोर जायचं आहे, एवढं मात्र कळत होतं.

उतरले. चहा टाकला. हाताला काहीतरी काम हवं म्हणून. कप घेऊन बाहेर आले, स्टुलावर ठेवला आणि काही न बोलता व्हिडिओ त्यांच्या कानाशी धरला.

पाण्याचा आवाज. टिंग.

अण्णांनी मान उचलली. ‘‘नळ आला?’’

टिंग.

हात चाचपडत आला आणि माझ्या मनगटावर थांबला. ‘‘ऱ्हायली व्हय आजून,’’ म्हणाले. आवाज अगदी साधा होता, जुन्या ओळखीच्या माणसाची खुशाली कळावी तसा. ‘‘दांडी बदलली वाटतं. आवाज जरा बारीक हाय.’’

‘‘अण्णा, पताकांत हिरवा आहे.’’

‘‘व्हय की.’’

एवढंच. मी तरी काय ऐकायची वाट बघत होते? रागावतील, म्हणतील आता पटलं का? तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी खाटेजवळ खाली फरशीवर बसले. ‘‘मग तेव्हा का नाही बोललात? भांडायचं होतं. मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्या.’’

बराच वेळ घंटा वाजत राहिली, मग व्हिडिओ संपला. अण्णा म्हणाले, ‘‘दुसऱ्या दिवशी तुजं भाषन हुतं.’’

मग मात्र मला राहवलं नाही. ‘‘चुकले मी, अण्णा.’’

त्यांचा तळवा वर गेला आणि तोंडावर बसला. सुरकुतलेला, डांबराने कायमचा काळवंडलेला. ‘‘मेशु मेशु,’’ ते हातामागून म्हणाले.

‘‘चुकले.’’

मान हलली. नको नको. हात तिथंच.

स्टुलावरच्या चहावर साय धरायला लागली होती. बाहेर कार्यालयात कुणाचीतरी हळद होती, बायका गात होत्या. आज सातवा दिवस, हे माझ्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिसऱ्यांदा म्हणाले, ‘‘अण्णा, माझं चुकलं.’’

हात खाली आला. दोन्ही तळवे एकमेकांशेजारी धरून त्यांनी माझ्यापुढं केले.

‘‘दे की,’’ म्हणाले.